शहराजवळची गर्दीची डोंगरवाट: पायी आणि सायकलवर

रानवाट
शहराला लागून असलेल्या डोंगरवाटांची एक ठरलेली ठेवण असते. पायथ्याशी गाडी जाईल एवढा कच्चा रस्ता, मधे झाडीतून वळणं घेत जाणारी एका माणसापुरती पायवाट आणि माथ्याकडे कातळ, सुटे दगड, घसारा (पाय सरकतो असा सुट्या खडीचा उतार). लांबी ५ ते १० किमी, चढाई ४०० ते ७०० मीटर. रोजच्या वर्दळीने माती इतकी दाबली जाते की वरची बारीक खडी तिच्यात रुतत नाही, नुसती पसरून राहते. बूट आणि टायर दोन्ही त्या खडीवरून सरकतात. त्यात चालणारे, पळणारे, कुत्री फिरवणारे, लहान मुलं आणि सायकलवाले, सगळे त्याच मीटरभर रुंदीत.

तंत्र, सामान, शिस्त असं सगळं या एकाच धाग्यात येऊ द्या. मी थांबण्याच्या अंतरापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक गोष्टी शेवटी तिथेच येतात.

सायकलवाल्यासाठी पहिला नियम: पुढची जेवढी वाट दिसते आहे तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. समोरून दुसरी सायकल येण्याची शक्यता असेल तर त्याच्या निम्म्यात. हिशोब असा. खडी पसरलेला १० टक्के उतार, ब्रेक ठीकठाक, चाक न अडकवता थांबायचं आहे. अशा वेळी वेग दर सेकंदाला साधारण २ मीटर प्रति सेकंद एवढाच कमी होतो असं धरा. डोळ्यांना दिसून बोटं दाबेपर्यंत १ सेकंद जातो. म्हणजे ताशी १० किमीला थांबायला ५ मीटर, २० ला १३ मीटर आणि ३० ला जवळपास २६ मीटर. वेग दुप्पट केला की अंतर दुपटीहून बरंच जास्त वाढतं.

आता झाडीतल्या वळणावर उभं राहून पाहा. पुढचं फार तर १० मीटर दिसतं. तिथे ताशी १६ ही कमाल झाली आणि समोरून सायकल येऊ शकते म्हणून प्रत्यक्षात १०. हा वेग फार कमी वाटतो, पण त्या वळणापलीकडे बुटाची नाडी बांधायला कुणी बसलेलं असेल तर तेवढाच चालतो.

कंटूर
छान सुरुवात. मी वेळेचं लिहितो, कारण घाईने उतरण्यामागे बहुतेक वेळा चुकलेला वेळेचा अंदाज असतो.

चालायला किती वेळ लागेल हे काढायचा नेस्मिथचा नियम १८९२ चा आहे, अजून उपयोगी पडतो: दर ५ किमीला १ तास, अधिक दर ६०० मीटर चढाईला १ तास. उतरण्यासाठी लँगम्यूरची दुरुस्ती वापरा. ५ ते १२ अंशांच्या उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा, १२ अंशांपेक्षा तीव्र उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं अधिक.

समजा वाट एका बाजूने ५ किमी, चढाई ६०० मीटर. चढायला १ + १ = २ तास. उतरताना सरासरी काढली तर १२ टक्के, म्हणजे सुमारे ७ अंश, म्हणून ६० मधून २० वजा करून ४० मिनिटं. इथेच फसगत होते. अशा वाटेचे पहिले ३ किमी १५० मीटर चढतात आणि शेवटचे २ किमी ४५० मीटर. वरचा भाग २२ टक्क्यांच्या पुढे, १२ अंशांहून जास्त. मग वरचे २ किमी उतरायला २४ + १५ = ३९ मिनिटं आणि खालचे ३ किमी ३६ मिनिटं. एकूण सव्वा तास. सरासरीवर काढलेल्या वेळेच्या जवळपास दुप्पट. वाटेचे तुकडे पाडूनच वेळ काढा. यात विश्रांती, फोटो, अरुंद जागी थांबून राहणं काहीच धरलेलं नाही, त्यामुळे गर्दीच्या दिवशी चौथा हिस्सा वर ठेवा.

सायकलचं गणित वेगळं. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरलं, तर तासाला ५०० मीटर चढायला नुसतं वजन वर नेण्यासाठीच सुमारे ११६ वॅट सतत लागतात. खडीवर चाक फिरवण्याची ताकद वेगळी. बऱ्यापैकी सराव असलेल्याला कच्च्या वाटेवर तासाला ४०० ते ५०० मीटर जमतं. तीव्र टप्प्यात सायकलवाला आणि चालणारा जवळपास बरोबरीनेच चढतात, हे दोघांनीही लक्षात घेतलं तर मागून घाई करण्याचं कारणच उरत नाही.

नवखी_स्वार
चढावर पुढचं चाक उचललं जातं म्हणून पुढे झुकले की मागचं चाक गरगर फिरतं. मधली जागा सापडत नाही. पुढच्या चेनरिंगला ३२ दात, मागच्या कॅसेटला (गिअरच्या चकत्यांच्या संचाला) ११ ते ५१.

खडीचढ
@नवखी_स्वार, तुम्ही बहुधा पूर्ण अंग पुढे नेता आहात. छाती हँडलकडे खाली आणायची, पण बूड सीटवरून उचलायचं नाही. सीटच्या टोकाकडे सरकून बसा, टोक थोडं टोचेल इतकं. कोपरं बाहेर न काढता खाली, मनगटाच्या रेषेत. हँडल वर ओढायचं नाही, मागे आणि खाली खेचायचं. एवढ्याने पुढच्या चाकावर वजन राहतं आणि मागचंही सुटत नाही.

दुसरं, पेडलचा जोर एकसारखा हवा. ३२-५१ ला २९ इंची चाकावर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.४५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी ५ किमीच्या थोडं वर. याहून हळू गेलात की प्रत्येक दाबाला झटका बसतो आणि खडीवर त्या झटक्यानेच चाक सुटतं. ६० फेरे टिकत नसतील तर पुढे ३० दातांची चेनरिंग लावा, गिअर ६ टक्के हलका होईल. आकडा लहान आहे, पण २० टक्के चढावर कळतो. बसवताना चेनची लांबी तपासा.

गिअर चढाच्या आधी बदलायचा. भर जोरात असताना बदलला तर चेन कॅसेटच्या दातांवरून घसरते आणि कधी तुटतेही. बदलायचाच असेल तर अर्धा फेरा जोर काढून घ्या, गिअर बसू द्या, मग पुन्हा जोर.

चढावर मधेच थांबलात तर पुन्हा निघताना मागचा ब्रेक दाबून ठेवा, पुढे टाकायचं पेडल वरच्या बाजूला, घड्याळात २ वाजतात त्या जागी आणा, बसून त्यावर जोर द्या आणि चाक वळायला लागताच ब्रेक सोडा. वाट रुंद असेल तर थोडं तिरकं निघा. वेग ताशी ४ च्या खाली गेला तर उतरा आणि ढकला. चालत ढकलणं तेवढ्याच वेगाचं आहे आणि मागच्याला वाट मोकळी मिळते.

नवखी_स्वार
धन्यवाद, कोपरं खाली ठेवायचं माहीत नव्हतं. ढकलताना सायकल कोणत्या बाजूला ठेवायची?

खडीचढ
तुम्ही सायकलच्या डाव्या बाजूला, म्हणजे चेन आणि डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) पायाला लागत नाहीत. अरुंद आडव्या वाटेवर मात्र बाजूपेक्षा दरी महत्त्वाची: तुम्ही डोंगराच्या अंगाला, सायकल दरीच्या. तोल गेला तर हँडल सोडून देता येतं. कातळाच्या पायऱ्यांवर डावा हात हँडलला, उजवा सीटखाली, मागचा ब्रेक दाबून एक पायरी, सोडून ढकल, पुन्हा दाब.

पॅडलपंप
ब्रेकवर सविस्तर लिहितो. शहराजवळच्या वाटेवर सायकल खराब निघते ती सगळ्यात जास्त इथेच.

ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं. पुढचं टायर जमिनीवर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. पुढच्याला घाबरून फक्त मागचा दाबणारा स्वार थांबत तर नाहीच, अडकलेल्या चाकाने वाटेत चर पाडत खाली जातो. पुढचा दाबायचा तो हँडल सरळ असताना, टाचा खाली, कंबर मागे आणि खाली, एका बोटाने, हळूहळू वाढवत. वळणात शिरल्यावर पुढचा जोरात दाबला की चाक निसटतं. वेग वळणाआधीच उतरवायचा.

लिव्हर हँडलपासून इतक्या अंतरावर ठेवा की तर्जनीचं पहिलं पेर टोकाच्या वळणावर आपोआप बसेल. दोन-दोन बोटांनी ब्रेक धरणाऱ्याची मूठ सैल होते आणि खडबडीत जागी हात सुटतो.

आता उष्णता. ८५ किलो वजन ४५० मीटर खाली आणलं की सुमारे ३७५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एक लिटर पाणी उकळायला लागते त्याहून ही थोडी जास्तच. हळू उतरताना हवेचा विरोध नगण्य असतो, म्हणजे यातली बरीचशी रोटर (चाकाला लावलेली ब्रेकची चकती) आणि तिला दाबणाऱ्या पॅडमध्येच जाते. १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट टॅमलपायसच्या परिसरात जुन्या जाड टायरच्या सायकलींच्या उतारशर्यती सुरू झाल्या, तेव्हा पेडल उलटं दाबून लागणारे कोस्टर ब्रेक होते. सुमारे ४०० मीटर उतरेपर्यंत हबमधलं (चाकाच्या मध्यातलं) ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. डिस्क ब्रेकमध्ये ग्रीस जळत नाही, पण उष्णता तेवढीच तयार होते.

ती आवरायची तर सतत अर्धवट ब्रेक धरून उतरायचं नाही. दोन-तीन सेकंद ठाम दाबा, सोडा, रोटरला वारा लागू द्या. वजन ८० किलोच्या पुढे असेल किंवा उतार लांब असेल तर पुढे १८० ऐवजी २०३ मिमीचा रोटर घाला. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या भागाला) तो चालतो का हे आधी पाहा, वेगळा अॅडाप्टरही लागतो. रेझिन पॅड गार असताना छान पकडतात, आवाज कमी, पण लांब उतारावर तापून लवकर पकड सोडतात आणि ओल्या वाळूत झपाट्याने झिजतात. मेटल पॅड उष्णता सोसतात आणि टिकतात, फक्त पहिल्या दाबाला थोडे सुस्त. 'रेझिन पॅड ओन्ली' लिहिलेल्या रोटरवर मेटल पॅड घालू नका, रोटर खाल्ला जातो.

उतरताना लिव्हर हँडलला टेकायला लागली तर ब्रेकच्या नळीतलं तेल उकळून वाफ झाली आहे. थांबा, पूर्ण गार होऊ द्या. रोटरवर पाणी ओतू नका, वाकतो. घरी आल्यावर तेल बदला. डॉट तेल (ब्रेकच्या तेलाचा एक प्रकार, दुसरा खनिज तेल) हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर मर्यादा १५५ वर येते. म्हणून डॉटवाल्या ब्रेकचं तेल वर्षातून एकदा बदललं पाहिजे. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट किंवा डॉटच्या ब्रेकमध्ये खनिज तेल कधीच घालायचं नाही, आतले रबरी सील फुगून ब्रेक कायमचा जातो.

नवे पॅड घातले की ते रोटरवर बसवून घ्यावे लागतात. सपाट जागी ताशी २० वरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडकवता, १५ ते २० वेळा. पूर्ण थांबायचं नाही, थांबलात तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि मग ब्रेक धडधडतो. हे न करता थेट डोंगरावर गेलात तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो. किंचाळतो आणि पकडत नाही. पॅडचा घासला जाणारा थर १ मिमीच्या खाली आला की बदला.

उतरंड
एक भर. चाक काढून गाडीत ठेवताना कॅलिपरमध्ये (पॅड आणि पिस्टन असतात त्या भागात) प्लास्टिकचा स्पेसर घाला. रोटर नसताना लिव्हर चुकून दाबली गेली की पिस्टन बाहेर येतात आणि मग रोटर आत जातच नाही. तसं झालं तर पॅड काढा आणि प्लास्टिकच्या टायर लिव्हरने दोन्ही पिस्टन सरळ मागे दाबा. स्क्रूड्रायव्हर नको, पिस्टनचा कपचा उडतो. आणि चेनवर स्प्रे मारताना रोटर झाका. पॅडने तेल एकदा पिऊन घेतलं की तो वाचत नाही, रोटर तेवढा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेता येतो.

पाणवठा
सायकलचं चाललंय ते चालू द्या. पायी उतरणाऱ्यांचं थोडं लिहितो, कारण वरच्या घसाऱ्यावर पडतात ते बहुतेक चालणारेच.

भीतीने अंग मागे टाकलं की टाचेवर भार येतो आणि टाच सरकते, माणूस बसतोच. गुडघे किंचित वाकवून, अंग पायाच्या वर ठेवून, पूर्ण तळवा टेकवत लहान पावलं टाका. सुटी खडी पातळ थरात, खाली कडक जमीन, अशी जागा सगळ्यात वाईट. तिथे कडेचं गवत, उघडा कातळ किंवा दगडाच्या मागची बाजू शोधून पाय ठेवा. खडी जाड थरात असेल तर उलट ती बरी, टाच रोवून उतरता येतं.

काठ्या चढताना कोपर काटकोनात येईल एवढ्या, उतरताना ५ ते १० सेंमी लांब. घसाऱ्यात मनगटाचे पट्टे काढून ठेवा. पडताना काठी सुटली नाही तर मनगट किंवा अंगठा मुरगळतो.

नागमोडी वाटेवर एकाच्या बरोबर खाली दुसरा येतो. वरच्याच्या पायाखालचा दगड सुटला तर मोठ्याने "दगड" ओरडायचं आणि खालच्याने आधी वर बघत बसण्यापेक्षा डोंगराच्या अंगाला चिकटायचं. गटाने असाल तर अशा टप्प्यात एक तर अगदी जवळजवळ चाला, म्हणजे दगडाला वेग पकडायला जागा मिळत नाही, नाही तर एकेकाने उतरा.

उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात ते चढल्यामुळे नसतं. उतरताना स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, त्याने ते होतं. सवय करायची तर आधी लहान उतार. निघण्याआधी पायाची नखं कापा आणि उतरायला लागण्याआधी नाड्या घोट्यापाशी पुन्हा आवळा, नाही तर बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात.

खडीचढ
+१. नाडीचं फार कमी लोक करतात.

नवखी_स्वार
टायरमध्ये हवा किती? बाजूला ५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) पर्यंत लिहिलंय, मी ४० भरते.

पॅडलपंप
४० ला टायर खडीवर उड्या मारतं. बाजूला लिहिलेली ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. ७५ किलो वजन, २.४ इंची ट्यूबलेस टायर असेल तर पुढे २१, मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करा. आत ट्यूब असेल तर दोन्हीकडे ४ ते ५ जास्त. वजनात दर ५ किलोला सुमारे १ पीएसआय इकडे-तिकडे. मोठ्या पंपावरचा काटा १६० पर्यंतचा असतो आणि २० च्या आसपास त्याचा भरवसा नसतो, कमी दाबाचा वेगळा मोजणी गेज घ्या. मोजायचं सावलीत, टायर गार असताना.

उतरंड
मी म्हणेन पुढे १८. मुळांवर आणि ओल्या कातळावर पकड कितीतरी वाढते.

पॅडलपंप
मऊ मातीत आणि मुळांवर मान्य. पण इथे प्रश्न कोरड्या वाटेचा आहे, जिथे पाण्याचा निचरा व्हावा म्हणून दगड उभे बसवलेले असतात. १८ ला टायर दबून रिम दगडावर आपटते. ट्यूब असेल तर तिला सापाच्या दंशासारखी दोन समांतर भोकं पडतात, ट्यूबलेस असेल तर टायरची कड क्षणभर सुटून हवा जाते. रिमवर 'टण्' असा आवाज एका फेरीत एकदा-दोनदा आला तर चालेल, सतत येत असेल तर २ पीएसआय वाढवा. आत फोमची पट्टी असेल तर १८ वर जायला हरकत नाही.

सीलंट (ट्यूबलेस टायरची भोकं आतून बुजवणारा द्रव) २९ बाय २.४ टायरला १०० ते १२० मिली. ते दोन ते सहा महिन्यांत वाळतं, उन्हाळ्यात लवकर. चाक कानाशी धरून हलवा, आत खळखळ ऐकू आली नाही तर भरा.

रानवाट
ब्रेक आणि हवा झाली, आता वाट कुणी द्यायची. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन १९८८ मध्ये स्थापन झाली. तिने घालून दिलेले संकेत पुष्कळ ठिकाणी मानले जातात: सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. त्या त्या वाटेवर पाटी वेगळं सांगत असेल तर पाटी चालेल. एकेरी वाटेला तिची दिशा.

वाट देणं म्हणजे नुसता वेग कमी करणं नाही. मागून येत असाल तर १५-२० मीटरवरून घंटा किंवा आवाज द्या, चालण्याच्या वेगावर या, समोरचा मागे वळून पाहीपर्यंत थांबा. "मागून दोन सायकली, डावीकडून जातो" असं आकड्यासकट सांगा. पहिली सायकल गेल्यावर लोक पुन्हा वाटेवर येतात आणि दुसरी अंगावर येते, ते यानेच टळतं. समोरून भेटलात तर एक पाय खाली टेकवून उभे राहा. पाय टेकलेला दिसला की चालणाऱ्याला अंदाज बांधायला काही उरत नाही.

चालणाऱ्यांनी सगळ्यांनी एकाच बाजूला व्हायचं. दोन इकडे, तीन तिकडे असं झालं की मधून जाणाऱ्याला आणि घाबरलेल्या मुलाला, दोघांना मार्ग राहत नाही. घोडा किंवा जनावर आलं तर दरीच्या अंगाला, सुरक्षित जागी उभं राहा, हळू आवाजात बोलत राहा.

पाणवठा
चालणाऱ्यांच्या बाजूने सांगतो. संकेत कितीही चांगले असले तरी घंटा "बाजूला व्हा" अशीच वाजते. उतारावर घंटा वाजवत वेग न कमी करणारे जास्त दिसतात. घंटा ऐकून वयस्कर माणूस दचकून उलट्याच बाजूला सरकतो.

रानवाट
बरोबर आहे, म्हणून घंटा वेगाच्या बदल्यात नसते, वेग आधी उतरवायचा आणि मग घंटा. काही जण हँडलला सतत किणकिणणारी घंटी लावतात, ती जास्त चांगली: दुरूनच कळतं, कुणाला उद्देशून वाजत नाही आणि सपाटीवर बंद करता येते. त्याचबरोबर चालणाऱ्यांनीही निदान एक कान मोकळा ठेवावा आणि कुत्र्याचा पट्टा दोन मीटरच्या आत. लांब सुटणारा बारीक दोर संध्याकाळी सायकलवाल्याला दिसत नाही.

कंटूर
ई-बाइकचं वेगळं सांगायला हवं. चढावर मागून ताशी १५ ने कुणी येईल अशी चालणाऱ्याची अपेक्षाच नसते, त्यामुळे तो चढात वळून पाहत नाही. ई-बाइकवाल्याने चढावरही उतारासारखंच वागावं. सायकलचं वजन ८-१० किलोने जास्त असतं, त्यामुळे उतारावर ब्रेकही लवकर तापतात. आणि ती त्या वाटेवर चालते का हे आधी बघून जा, पुष्कळ वाटांवर साध्या सायकलला परवानगी असते, मोटरवाल्या नाही.

घसारा
पावसानंतरचं कुणी लिहिलं नाही. वाट सगळ्यात जास्त तेव्हाच बिघडते.

साधी परीक्षा: बुटाचा किंवा टायरचा ठसा नुसता उमटला तर ठीक. पाय रुतून कड वर आली किंवा टायरने नाली पाडली तर परत फिरा. ती नाली वाळून टणक होते, पुढच्या पावसात पाणी तिच्यातूनच धावतं आणि आणखी खोल करतं. चिकट मातीत तसंही फोर्क आणि चाकामधे माती भरून सायकल फिरेनाशी होते. डबकं आलं तर मधून जा. कडेने गेलं की वर्षभरात एका मीटरची वाट तीन मीटरची होते. नागमोडी वळण कापून सरळ खाली उतरणारी जी पाऊलवाट दिसते ती वाट नाही, तो पाण्याचा नवा ओहोळ आहे.

वाट सायकलने जास्त बिघडते की पायांनी, हा वाद नेहमी होतो. मोंटानामध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोडे, पादचारी, मोटरसायकल आणि सायकल यांची तुलना केली होती. खुरांनी आणि पायांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली, ओल्या वाटेवर तर ठळकपणे. पण त्यातून सायकलवाल्यांनी मोकळीक घेऊ नये. अडकलेलं मागचं चाक आणि सलग नाली याचा निकाल वेगळा आहे, कारण चाकाची नाली अखंड असते आणि पाण्याला अखंड नालीच हवी असते.

मूळ कारण मात्र वाटेची आखणी. वाटेचा चढ हा ज्या उतारावर ती कोरली आहे त्याच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगर ४० टक्के असेल तर वाट २० च्या आत, आणि एकंदर सरासरी १० च्या आसपास. याहून उभी झाली की पाणी वाट ओलांडून जायच्या ऐवजी वाटेवरूनच वाहतं. श्रमदानाला जाल तेव्हा दगड रचण्याआधी वाटेची दरीकडची साचलेली कड खरवडून काढा, ५ टक्के बाहेरचा उतार द्या. एवढ्यानेच बरंच पाणी बाहेर पडतं.

उतरंड
पोतडीत काय ठेवायचं ते नेमकं: एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, ट्यूबलेसच्या वाती (टायरच्या भोकात ठासायच्या चिकट पट्ट्या), छोटा पंप, टी२५ (ताऱ्याच्या आकाराचं टोक) असलेलं मल्टिटूल, चेन ब्रेकर, तुमच्याच स्पीडची, म्हणजे मागे जेवढे गिअर तेवढ्याची, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी; ११ ची १२ ला बसत नाही), एक सुटा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा). हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, तो आधीच घेऊन ठेवावा लागतो.

ट्यूबलेस टायरमध्ये वाती बसल्या नाहीत म्हणून ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी टायरच्या आतून पूर्ण फेरा कापड फिरवा. सीलंटने बुजवलेले काटे आतून टोकं काढून बसलेले असतात, नवी ट्यूब दहा मिनिटांत तीच फोडते. बोट फिरवू नका, कापड अडकतं तिथे काटा.

सायकल उजव्या अंगावर पडली की निघण्याआधी मागून बघा: डिरेलरचा पिंजरा कॅसेटला समांतर आहे का. हँगर आत वाकला असेल तर सगळ्यात मोठ्या दातांवर चेन नेताच डिरेलर आऱ्यांमध्ये शिरतो आणि चाक, डिरेलर, फ्रेम तिन्हींचं नुकसान होतं. वाकलेला असेल तर मोठे दोन गिअर वापरू नका, हळू घरी या.

डिरेलर तुटलाच तर चेन तोडून, मधल्या दातांवर सरळ रेषेत एकच गिअर करून उतरता येतं. पण मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर ही युक्ती करून पेडल मारत येऊ नका. मागचं चाक वर-खाली होताना चेनला लागणारी लांबी बदलते, ती ताणून तुटते. चेन काढून खिशात ठेवा आणि उतारावर नुसतं सोडत या.

पाणवठा
पाणी: बेताच्या हवेत तासाला अर्धा लिटर, उकाड्यात कष्टाच्या चढाला एक लिटरपर्यंत. तासन् तास नुसतं साधं पाणी भरमसाठ पिणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ उतरतं. एक लिटर पाण्याला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला तर तो उष्माघात. आधी गार करा: सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि जोराने वारा. मदत बोलवा, पण गार करणं त्यासाठी थांबवू नका.

गडगडाट ऐकू आला तर वीज चमकल्यापासून मोजा, दर ३ सेकंदांना १ किमी. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर डोंगराची धार आणि एकटी झाडं सोडून खाली या, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जाऊ नका. शिट्टीचा संकटसंकेत मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत. उत्तर मिनिटाला तीन.

नवखी_स्वार
शेवटचा प्रश्न. नवीन वाट सायकलवर पहिल्यांदा कधी आणि कशी करावी?

रानवाट
पहिल्यांदा पायी करा, आठवड्याच्या मधल्या दिवशी. उतरताना तीन गोष्टी टिपून घ्या: कुठल्या वळणापलीकडे दिसत नाही, कुठे दोघांना बाजूला व्हायला जागा आहे, कुठे पाण्यासाठी दगड उभे बसवले आहेत. फोनवर ऑफलाइन नकाशा घ्या आणि त्या जागी खुणा टाका. मग सायकलवर सकाळी लवकर चढा आणि माथ्यावर गर्दी पोचायच्या आत उतरायला लागा. सीट चार-पाच सेंमी खाली, पेडल सपाट, पॅड आणि हवा आदल्या दिवशी तपासलेली. टिपलेल्या प्रत्येक आंधळ्या वळणाआधी वेग १० वर. घसाऱ्याचा टप्पा पहिल्या खेपेला उतरून, सायकल दरीच्या अंगाला धरून.